आखणीआधीचा फोटो

मला लिहायला शिकवलं ते पत्रकांनी. रोह्याला आमच्या संघटनेची एक खोली होती. टेबल एक, सतरंजी एक, आणि भिंतीला टेकवून ठेवलेले फलक. तिथे आमचे भाऊ, म्हणजे संघटनेचे प्रमुख, पत्रकाचा मजकूर तपासायचे. त्यांचा एकच नियम होता: कागदाचे पैसे दिलेत ना, मग कागद भरा. पाठपोट भरा. समास म्हणजे वाया गेलेली वर्गणी. मी भरायचे. वर मथळा, खाली मथळा, मध्ये आमच्या मागण्या, कडेने घोषणा, प्रत्येक वाक्याला उद्गारचिन्ह. शेवटी छापणाऱ्याचं नाव टाकायलाही जागा उरायची नाही. ते आडवं टाकायचो.

पत्रकं होती बांधाची. धरमतर खाडीकडचा आमच्या गावाचा बांध फुटला. अशा भगदाडाला आमच्याकडे खांड म्हणतात. खांड वेळेत बुजवली नाही की प्रत्येक भरतीला खारं पाणी शेतात येतं आणि भाताची जमीन जाते. आमची गेली. मोर्चे निघाले, निवेदनं दिली, साहेबांनी चहा पाजला. खांड रुंद होत गेली. मी रागाने लिहीत राहिले, पण खरं सांगायचं तर नव्वदीचं दशक संपता संपता तो राग नुसता हाताला राहिला होता. आत काही नव्हतं. कोणी विचारलं, गावाकडे काय हाय, तर मी म्हणायचे, पाणी.

तेव्हा आत्याने बोलावलं.

आत्या म्हणजे वडिलांची बहीण. खाडीकाठच्या आमच्या घरातून ती पेणला, गणपती करणाऱ्या घरात दिली. नवरा गेल्यावर कारखाना तिनेच चालवला. कारखाना म्हणायचा, होती पत्र्याची शेड. हाताखाली आमच्याच गावच्या दोन बायका, ज्यांची शेतं त्या खांडीने खाल्ली होती. शाडूची माती, सासऱ्याच्या वेळचे साचे, आणि घराघरांतून आलेले पाट. तिच्याकडे ऑर्डर म्हणजे पाट. माणूस आपल्या घरचा पाट आणून ठेवतो, त्यावर खडूने नाव लिहितो, आणि त्या पाटावर त्याचा गणपती बसतो. पण हलक्या, तयार मूर्ती दुकानात मिळायला लागल्या होत्या. पाट दरवर्षी कमी होत होते. मागच्या गल्लीतल्या मोठ्या कारखान्याच्या शेठने निरोप पाठवला होता: साचे मला द्या, तुम्ही तिघी माझ्याकडे नगावर काम करा.

"साचे गेले का मी कारखानदार कसली गो," आत्या म्हणाली. "मंग मी रंगारी."

तिच्या दिराचा मुलगा अमेरिकेत होता. पेणचाच, याच शेडमध्ये माती तुडवून मोठा झालेला. त्याने फोनवर सांगितलं होतं: काकी, इथे मराठी लोक खूप आहेत, त्यांना मातीचा गणपती हवा असतो. इंटरनेटवर आपलं एक पान टाकू. होळीच्या आत ऑर्डरी आल्या तर एक मोठं खोकं बोटीने येईल. एक खोकं भरलं तर तुझं वर्ष निघालं.

"पान कोन लिवनार?" आत्याने त्याला विचारलं होतं. मग तिनेच उत्तर दिलं होतं, आमच्या घरात एक पोरगी हाय, दिवसभर लिवतच असते.

असं ते माझ्याकडे आलं. मला गणपतीचं काही नव्हतं. आमच्या संघटनेत देव हा विषय काढत नसत. पण साचे जाऊ नयेत एवढं मला कळत होतं. जमीन गेलेली मी पाहिली होती. जाताना ती कशी जाते ते मला माहीत होतं: सगळ्यांच्या देखत, आणि सगळे कागदपत्रं करत असताना.

पेणला स्टँडच्या बाजूला एक कॉम्प्युटर क्लास होता. तिथला क्लासवाला माझ्याच वयाचा, थट्टेखोर. त्याच्याकडे मोडेम होता. मुंबईला फोन लावल्यासारखा तो लावायचा, मग किंचाळ्या, मग शांतता, मग लागलं तर लागलं. मी रोह्याहून गाडीने यायचे, मजकूर द्यायचे, तो टाइप करायचा. त्या काळी मराठी अक्षरं तिकडच्या कॉम्प्युटरवर दिसतीलच असं नव्हतं. चौकोन दिसायचे. म्हणून अख्खा मजकूर चित्र म्हणून चढवायचा. जेवढा मजकूर लांब तेवढं चित्र जड, तेवढा वेळ.

मी पहिलं पान पत्रकासारखंच लिहिलं. दुसरं काही येतच नव्हतं. वर लाल मथळा, खाली निळा मथळा. शाडू म्हणजे काय, शाडू कुठून येते, मूर्ती कशी घडते, प्लास्टरचे तोटे, पेणची परंपरा, बोटीचा खर्च, आणि मधोमध चौकटीत: या मूर्ती घडवणाऱ्या बायकांची शेतं आज खाऱ्या पाण्याखाली आहेत, याला जबाबदार कोण? सगळं ठळक अक्षरांत. गणपतीचा फोटो कोपऱ्यात, टपाल तिकिटाएवढा. जागाच नव्हती.

क्लासवाल्याने चढवून बघितलं. पान वरून खाली, पट्टी पट्टीने उतरायला लागलं. तो उठून गेला आणि परत आला.

"ताई, तुमचं पान उघडेस्तोवर माझा चहा पिऊन कप धुवून झाला. अजून तुमची परंपराच चाललीय."

"वाचणारा थांबेल," मी म्हटलं.

"कशाला थांबेल? त्याच्या घरी काय मोर्चा आलाय?"

अमेरिकेतल्या पुतण्याचं उत्तर दोन दिवसांनी आलं. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचा तो. सगळं ओरडतंय, असं त्याने लिहिलं होतं. सगळंच ठळक असेल तर ठळक काय राहिलं? लोक इथे वाचत नाहीत, नजर फिरवतात. तुकडे कर. मोकळी जागा सोड. एक मोठा फोटो. आणि ते खाऱ्या पाण्याचं काढ, लोक खरेदीला आलेत, मोर्चाला नाही.

मोर्चा हा शब्द दोघांनी वेगवेगळ्या खंडांतून माझ्या तोंडावर मारला. मी उत्तर लिहिलं. लांब लिहिलं. ज्या हातांनी मूर्ती होते त्या हातांचं काय झालं ते न सांगता मूर्ती विकणं म्हणजे काय, वगैरे. क्लासवाल्याने ते पाठवलं आणि म्हणाला, "हे पण ठळकमध्ये पाठवायचं होतं का?"

शेडमध्ये मी आत्याला विचारलं. ती मातीचा कान थापत बसली होती. मी पान वाचून दाखवलं, चौकटीसकट. आमच्या गावच्या दोघी बायका ऐकत होत्या. खांडीचं आलं तेव्हा एकीने मान खाली घातली आणि हातातलं काम जोरात करायला लागली.

"काढ ते," आत्या म्हणाली.

"खोटं आहे का?"

"खोटं नाय. पण माझ्या गनपतीच्या पायाशी आपलं रडगानं कशाला गो. घेनारा दया म्हनून घेईल. मला दयेचा पाट नको."

दुसरी बाई म्हणाली, "आनि येवढं लिवून तुमचा बांध तरी कुठे बांधला?"

कोणी हसलं नाही. लागायला हवं होतं, पण लागलं नाही. जाग्यावरच काही नसलं की लागणार कशाला.

गाडीने रोह्याला परतताना मला खांब गावची भिंत आठवली. मुंबई-गोवा रस्त्यावर खांबला एकाने आम्हाला भिंत दिली होती. मी त्यावर गेरूने सगळ्या मागण्या लिहिल्या, क्रमांक टाकून, नीट. चार दिवसांनी एसटीने तिथून गेले. खिडकीत बसून वाट बघत होते. भिंत आली आणि गेली. माझं मलाच त्यातलं 'आम्ही' एवढंच वाचता आलं. पुढच्या रविवारी आम्ही जाऊन चुना मारला आणि फक्त लिहिलं: बांध कधी? बाकी भिंत कोरी. कोलाडच्या शाळेतली पोरं एसटीतून ते ओरडत जायची. बांध झाला नाही ती गोष्ट वेगळी. वाचलं गेलं.

म्हणजे मला हे येत होतं. पत्रक माणूस हातात घेतो, नाइलाजाने का होईना. भिंतीजवळून तो जात असतो. पडदा ही भिंत होती आणि मी त्यावर पत्रक डकवत होते.

मी सगळं काढलं. लाल काढलं, निळं काढलं, उद्गारचिन्हं एकूण एक काढली. पहिल्यांदाच इतकं काढलं आणि हाताला कसंसंच झालं. वर एक ओळ: पेणच्या मातीचा गणपती. खाली जरा लहान: हाताने घडवलेला, बोटीने घरपोच. मग फोटो, मोठा, मधोमध. फोटोखाली छोटे छोटे तुकडे, प्रत्येकात एकच गोष्ट: माती, उंची, कधीपर्यंत सांगायचं, कसं सांगायचं. प्रत्येक तुकड्याच्या वर दोन शब्दांचा मथळा, म्हणजे नजर फिरवणाऱ्यालाही कुठे काय आहे ते कळावं. ओळी आखूड. दोन तुकड्यांच्या मध्ये श्वास घ्यायला जागा. आणि फोटोच्या चारी बाजूंनी नुसतं पांढरं. भाऊंनी ते पाहिलं असतं तर त्या कोऱ्या जागेचा हिशेब मागितला असता.

फोटोसाठी आत्याने एक मूर्ती निवडली. बैठी, साधी. मोठे कारखाने वर्षभर तयार मूर्ती बाहेरगावी पाठवतात, पण आत्याचं काम घरगुती. माघात तिच्या फळ्यांवर जे असायचं ते नमुन्यापुरतं रंगवलेलं. त्या मूर्तीचं अंग गुलाबीसर, पितांबर पिवळं, मुकुटाला सोनेरी. क्लासवाल्याने शेडच्या दारात, उन्हात, पांढऱ्या चादरीपुढे तिचे फोटो काढले. स्टुडिओत रोल धुतला, त्यातला चांगला निवडला, स्कॅन केला. आत्याने बघितला, म्हणाली, बरा आलाय. बायकांनी बघितला. क्लासात येणाऱ्या मुलींनी बघितला. मी तर किती वेळा बघितला. मोडेमवर तो उतरायचा ते वरून: आधी मुकुट, मग कपाळ, मग सोंड. उतरताना बरं दिसायचं.

पुतण्याने लिहिलं, एकदम झकास, आता कसं पान वाटतं. त्याने तिकडच्या मंडळात सगळ्यांना कळवलं.

मग वाट पाहिली. मी दर दोन दिवसांनी पेणला जायचे. संघटनेच्या खोलीला तेव्हा बहुतेक कुलूपच असायचं, मला दुसरं काम नव्हतं. आधी काहीच नाही. मग मेल यायला लागले. क्लासवाला वाचून दाखवायचा. एकाने विचारलं, ही मूर्ती अपुरी आहे का, असल्यास पैसे काही कमी होतील का. एकाने लिहिलं, रंग वाहतुकीत उडाला आहे काय. एका बाईंनी लिहिलं, सासूबाईंना दाखवलं, त्यांनी कॉम्प्युटर बंद करायला सांगितला. का ते लिहिलं नव्हतं. आणि मग एका माणसाने सरळ विचारलं: आपल्या गणपतीला डोळे का नाहीत?

क्लासवाला पडद्याजवळ गेला. चष्मा वर करून बघितलं.

"डोळे नाहीत की ओ ताई."

"मग? माघात कुठून येणार डोळे?"

"तेच म्हणतो. आखणी श्रावणात."

दोघांनीही हे असं म्हटलं, जसं कोणी म्हणावं की आंबा मे महिन्यात. आणि मग दोघांनीही परत पडद्याकडे बघितलं.

पेणमध्ये राहणाऱ्याने किंवा सतत येणाऱ्याने हे बाहेरच्याला कसं सांगायचं. आमच्या नजरेला गणपती वर्षातला बहुतेक काळ डोळ्यांशिवायच असतो. गल्लीतून जाताना दोन्ही बाजूंच्या फळ्यांवर, ओट्यांवर, शेडमध्ये, ओळीने. डोळ्यांच्या जागी नुसता उंचवटा, अंगाचाच रंग. डोळे सगळ्यांत शेवटी, त्याला आखणी म्हणतात. ती झाली की मूर्ती जाते. त्यामुळे इथे डोळे असलेला गणपती दिसतो तो थोडे दिवस, जाताना. अमेरिकेतल्या पुतण्यालाही दिसलं नाही, कारण त्याची नजर इथलीच. ज्यांनी आयुष्यभर गणपती फक्त मखरातच पाहिला त्यांच्यासमोर आम्ही तो आंधळा ठेवला होता. आणि मी त्याच्याभोवती इतकं पांढरं सोडलं होतं की माणसाने दुसरीकडे कुठे बघूच नये.

त्या दिवशी क्लासातून शेडकडे चालत गेले. गल्ली तीच. फळ्यांवर सगळे तसेच बसलेले. मी प्रत्येकाकडे बघत गेले. कोणीच बघत नव्हतं.

आत्याला सांगितलं. तिने मातीचे हात पुसले.

"मंग आता?"

"एकाची आखणी करायची. परत फोटो काढायचा."

"कोनाचा पाट?"

"कोणाचा नाही, आत्या. फोटोपुरतं."

"फोटोपुरतं नसतं ते," ती म्हणाली. "डोळे उघडले का त्याला घर लागतं. मी कधी पाटाबिगर आखनी केली नाय. मांडीवर घेतलं का पयला पाट बघते, नाव बघते, मंग ब्रश."

दुसरी बाई म्हणाली, "मोठ्या कारखान्यात करतात की. फळीवरच रांगेने."

"मंग तिकडं जायचंच हाय नायतरी," आत्या म्हणाली. "घाई कशाला."

मी म्हटलं, "माझा पाट लाव."

"तू कुठे देव मानतेस?"

"पाट ठेवायला मानावं लागतं असं कुठे लिहिलंय?"

आत्याने माझ्याकडे बघितलं. मग कोपऱ्यातला एक पाट ओढला, कोणीतरी कधीतरी न्यायचा राहिलेला, त्यावरचं नाव ओल्या फडक्याने पुसलं. मी खडूने माझं नाव लिहिलं. ती मूर्ती घेऊन दारात बसली, उजेडाकडे पाठ न करता. काळ्या रंगात बारीक ब्रश बुडवला, बोटाच्या नखावर टेकवून बघितला, आणि श्वास धरला. मी समोर उभी होते. आधी एक डोळा आला, तो कुठेतरी बघत होता. दुसरा आल्यावर तो माझ्याकडे बघायला लागला. मला काहीतरी वाटायला हवं होतं. मी हात बांधून उभी राहिले.

फोटो बदलला. आता कपाळानंतर पट्टी पट्टीने डोळे उतरायचे. मेल आले, बरे मेल. चौकशा, उंची काय, रंग टिकेल ना. पण होळी होऊन गेली होती. पुतण्याने लिहिलं, बोटीची वेळ गेली, विमानाने शाडू परवडणार नाही, जड आहे. पुढच्या वर्षी नक्की. पान छान आहे, तसंच ठेवू.

पुढचं वर्ष आत्याकडे नव्हतं. पाडव्यानंतर शेठचा टेम्पो आला. शेठ स्वतः आले होते, पान खात. साचे पोत्यात गुंडाळून बायकांनीच चढवले.

"वहिनी, साचे तुमचेच समजा," शेठ म्हणाले. "फक्त माझ्या शेडात."

"मंग शेडावर माझं नाव लावा," आत्या म्हणाली.

ते हसले. मग माझ्याकडे वळले. "तू ती इंटरनेटवाली ना? चांगलं केलंस पान, मुलाने दाखवलं. आता खाली पत्ता आमचा टाकून दे. फोटो तोच राहू दे, डोळे सुंदर आहेत."

"त्या फोटोतला गणपती माझा आहे," मी म्हटलं.

"असं कसं तुझा?"

"पाट माझा आहे. विचारा."

आत्या टेम्पोच्या मागे उभी होती. तिने नुसती मान हलवली. शेठ म्हणाले, बरं बाई, आम्ही दुसरा काढू. त्यांना काय, दुसरा काढलाच त्यांनी.

पान पुतण्याला सांगून उतरवलं. क्लासवाल्याने विचारलं, "एवढं सुटसुटीत केलं होतं, ठेवायचं नाही?" मी म्हटलं, भिंत गेली, आता काय ठेवायचं.

मूर्ती मी रोह्याला नेली. नेताना तोंड झाकतात, म्हणून आत्याने रुमाल बांधून दिला. गाडीत समोरच्या बाईने विचारलं, "आता कसला गनपती गो, चैत्रात?" मी म्हटलं, नमुना आहे. माझ्या खोलीवर टेबलावर ठेवला, जुन्या पत्रकांच्या गठ्ठ्याशेजारी. रुमाल काढला नाही. कारण काही नव्हतं. आज काढू, उद्या काढू, असं करत उन्हाळा गेला, पाऊस सरत आला. मी रोज त्याच्यासमोर बसून लिहायचे, थोडं लिहायचे.

चतुर्थीला सकाळी दार वाजलं. आत्या. पहिल्या एसटीने आली होती. बोटं काळी, नखांत रंग. म्हणाली, शेठच्या शेडात रातंदिवस आखनी चालली होती, रांगेने, काल संपली. ती आत आली, टेबलाकडे बघितलं.

"आजून झाकलेला?"

मी पत्रकांचा गठ्ठा बाजूला सरकवला.

"दम कोंडला आसल गो त्याचा," ती म्हणाली आणि रुमाल ओढला. मग खाली वाकून, जवळून, डोळे बघत राहिली. आपलंच काम, पण दुसऱ्याचं असल्यासारखं तपासत होती. बुबुळाची कड कुठे हललीय का, ते अंगठ्याने हवेतच मापलं.

"या वर्साला पाट बघून काढलेले हेच," ती म्हणाली. "बाकीचे मोजले पन नाय."

मग म्हणाली, फुलं आण, आणि दूध हाय का बघ चहाला. मी फुलं आणायला खाली गेले. नदीकडच्या रस्त्यावर लोक आपापले गणपती घेऊन चालले होते, सगळ्यांची तोंडं झाकलेली. मी शेवंती घेतली. सुट्टे नव्हते म्हणून बाईने दुर्वाही दिल्या.